अनारसा कोण शोधतं, अइरसा कोण

नागपूर, नारळी पौर्णिमा

चि. छोटीस,

तुझा फोन आल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. भिलाईच्या नेहरू नगरच्या घरातून फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या, वेबसाइट तयार आहे, हाताशी २०,००० रुपये आहेत. ते गूगलच्या जाहिरातीत घालू की वेबसाइट शोधात वर आणून देतो म्हणणाऱ्याला देऊ, असं तू विचारलंस. मला विचारशील तर यात एक निवडायचंच नाही. जाहिरातीने पानाला शिकवायचं आणि पानाने जाहिरातीचा खर्च कमी करायचा. फोनवर हे नीट सांगता येईना, म्हणून लिहितो.

आधी एक गैरसमज काढून टाक. जाहिरात दिली म्हणून गूगल तुझं पान खालच्या फुकटच्या यादीत वर नेत नाही. पण उलट बाजूने दोघांचा संबंध आहे. कोणी काही शोधलं की वरच्या 'प्रायोजित' जागेसाठी त्या क्षणी लिलाव होतो, आणि त्यात नुसती बोली बघत नाहीत. जाहिरात त्या शोधाशी जुळते का, लोक तिच्यावर क्लिक करतील का, उघडलेल्या पानावर त्यांना हवं ते सापडेल का, हेही बघतात. त्यामुळे चांगल्या पानाला कमी बोलीतही वरची जागा मिळू शकते. अनारशाची जाहिरात आणि क्लिक केल्यावर नुसतं मुखपृष्ठ, असं करू नकोस. अनारशाला स्वतःचं पान हवं: वजन, भाव, किती दिवस टिकतो, भिलाई-दुर्गमध्ये कुठे पोचवणार, सगळं त्यावर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोक कोणत्या शब्दाने शोधतात ते आपल्याला ठाऊक नसतं. तू घरात करंजी म्हणतेस, भिलाईच्याच सुपेला भागातली गिऱ्हाईक बाई गुजिया म्हणते. आपला अनारसा आणि छत्तीसगडचा अइरसा दोन्ही तांदूळ-गुळाचे, जवळचे भाऊच, पण अइरसा लिहून शोधणाऱ्याला तुझं अनारशाचं पान दिसेलच असं नाही. शंकरपाळे म्हटलं की तिथल्या माणसाला खुरमी आठवेल. त्यात कोणी देवनागरीत लिहितं, कोणी इंग्रजी अक्षरांत, कोणी नुसतं बोलून शोधतं. हे घरी बसून कळत नाही. म्हणून आत्ता, दिवाळीला अडीच महिने असताना, ४,००० रुपयांची छोटी जाहिरात चालव आणि दर दोन दिवसांनी 'सर्च टर्म्स'चा अहवाल उघड. कोणते शब्द टाइप केल्यावर तुझी जाहिरात दिसली, ते त्यात असतं. अगदी थोड्या लोकांनी वापरलेले शब्द गूगल दाखवत नाही, पण जे दिसतील तेवढे वहीत उतरव. ज्या शब्दांवर ऑर्डर आली, ते पानाच्या शीर्षकात आणि मजकुरात तुझ्या भाषेत, ओढूनताणून न कोंबता, येऊ देत. पानात केलेला बदल शोधात दिसायला कधी काही तास लागतात, कधी काही महिने. म्हणून हे काम आज सुरू व्हायला हवं.

त्याच अहवालात 'अनरसा बनाने की विधि'सारखे शोधही सापडतील. त्या माणसाला विकत घ्यायचं नाही, करायचं आहे. त्याच्या क्लिकला पैसे देऊ नकोस, 'विधि', 'रेसिपी' हे शब्द वगळायच्या यादीत टाक. पण त्याला परतही पाठवू नकोस. आपल्या ताईची अनारशाची कृती वेबसाइटवर पूर्ण लिही: तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, पीठ गुळात मळून मुरवायचं, खसखशीवर थापायचं. ज्यांना ते जमलं त्यांना आनंद होईल, ज्यांचे अनारसे तुपात विरघळले त्यांतले काही तुझ्याकडे मागवतील. ही कृती त्यांना खालच्या फुकटच्या यादीतून सापडू शकते, तिथे एक पैसाही जात नाही.

ठिकाणाची सेटिंग मात्र स्वतः तपास. मी पहिल्यांदा एका ओळखीच्या दुकानाची जाहिरात चालवली तेव्हा गूगलने आधीपासून निवडून ठेवलेला पर्याय तसाच ठेवला. त्यात त्या गावात असणाऱ्यांबरोबर, त्या गावाबद्दल नुसता रस दाखवणारेही येतात. आठवडाभर लांबच्या शहरांतले फोन आले आणि दुकानदाराचे पैसे गेले. ती चूक माझी होती, अजून बोचते. तुझ्या बाबतीत धोका जास्त आहे, कारण नेहरू नगर कुर्ल्यात आहे, अहमदाबादेत आहे, भोपाळमध्येही आहे. फक्त प्रत्यक्ष त्या भागात असणारे लोक निवड, आणि पानावर प्रत्येक ठिकाणी 'नेहरू नगर, भिलाई' असंच लिही. गूगलवरचं व्यवसायाचं प्रोफाइल फुकट मिळतं. घरून काम करतेस म्हणून पत्ता लपवून नुसता डिलिव्हरीचा भाग दाखवता येतो. अभिप्राय मागायला संकोच करू नकोस, पण त्याबदल्यात सूट किंवा लाडू देऊ नकोस, ते नियमात बसत नाही.

स्वतःच्या नावावर जाहिरात द्यायची का, हेही तू विचारलं होतंस. ईबे कंपनीने २०१२ मध्ये काही ठिकाणी स्वतःच्या नावावरच्या जाहिराती बंद करून पाहिल्या. जवळजवळ सगळे लोक खालच्या फुकटच्या दुव्यावरून तसेच आले. ब्लेक, नॉस्को आणि टाडेलिस यांचा तो अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. त्यात असंही निघालं की इतर शब्दांवरच्या जाहिरातींचा उपयोग नव्या, क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर झाला, नेहमीच्यांवर नाही. याउलट गूगलच्या २०११ च्या अभ्यासात जाहिराती थांबवल्यावर त्यांच्यावरचे ८९ टक्के क्लिक फुकटच्या दुव्यांवरून भरून निघाले नाहीत. जाहिरात विकणाऱ्याचा आकडा म्हणून तो जपून वाच, पण खोटा समजू नकोस. ईबेला सगळे ओळखतात, तुला अजून कोणी ओळखत नाही. म्हणून फराळाच्या शब्दांवर जाहिरात दे, नावावर देऊ नकोस. एखाद्या शब्दावर तुझं पान आपोआप पहिलं यायला लागलं की तिथली जाहिरात आठवडाभर थांबव आणि ऑर्डरी मोज. क्लिक नाही, ऑर्डरी.

आणि गावातल्या नावाजलेल्या मिठाईवाल्याचं नाव जाहिरातीसाठी शब्द म्हणून लावायचा मोह नको. अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्सच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटलं की असा वापर आपोआप उल्लंघन ठरत नाही, पण ग्राहकाचा गोंधळ झाला तर ठरू शकतो. कायद्याचं राहू दे, मला ते रीतीलाच धरून वाटत नाही.

'पहिल्या नंबरची हमी' देणाऱ्याला नाही म्हण. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलंय.

हिशोब असा. २०,००० मध्ये १८ टक्के जीएसटी आला, म्हणजे क्लिकसाठी १७,००० सुद्धा उरत नाहीत. रोजची मर्यादा २०० ठेवलीस तरी एखाद्या दिवशी ४०० जाऊ शकतात, घाबरू नकोस, महिन्याचा हिशोब जुळतो. समज, एक क्लिक ८ रुपयांना पडला आणि दहातल्या एकाने मागवलं, तर ऑर्डरमागे ८० गेले. डब्यामागे तुला त्याहून कमी सुटत असतील तर जाहिरात थांबवून आधी डबा मोठा कर. आत्ताच्या चार हजारांनंतर उरलेले पैसे दसऱ्यापर्यंत हात न लावता ठेव, कारण दिवाळीची खरी मागणी त्यानंतरची.

गेल्या दिवाळीत ताईने केलेल्या अनारशांचा फोटो माझ्याकडे आहे, जाळी स्पष्ट दिसते. तोच पानावर लाव, विकतचा लावू नकोस. आज रात्री पाठवतो. मिळाला की कळव.

तुझा,
मामा