फोटोशॉपचं पुस्तक घेण्याआधी

किन्हीराजासारख्या गावात राहून फोटो एडिटिंग शिकायचं म्हटलं, की दोनच वाटा समोर दिसतात. मालेगाव किंवा वाशीमच्या एखाद्या स्टुडिओत बसून बघत बघत शिकायचं, नाहीतर मोबाइलवर येईल तो व्हिडिओ लावायचा. दोन्हींनी हात बसतो. पण अमुक बटण का दाबलं, हे कळलेलं नसतं. म्हणून नवी आवृत्ती आली, मेनू इकडचा तिकडे गेला, की काम अडतं. एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत करून काढणं, हाच यावरचा इलाज मला ठाऊक आहे. मात्र ते पुस्तक पारखून घ्यावं लागतं.

आधी काम ठरवा. पासपोर्ट फोटोच काढायचे असतील तर ३५ बाय ४५ मिलिमीटर म्हणजे ३०० डीपीआयला ४१३ बाय ५३१ पिक्सेल, आणि ४ बाय ६ इंचांच्या कागदावर असे आठ बसतात. एवढा हिशेब, क्रॉप आणि बॅकग्राउंड बदलणं आलं की भागतं. त्यासाठी जाडजूड ग्रंथ नको. लग्नाचे अल्बम करायचे असतील तर गोष्ट वेगळी. १२ बाय ३६ इंचांचं एक शीट ३०० डीपीआयला ३६०० बाय १०,८०० पिक्सेल होतं. एकच लेअर जवळपास ११७ एमबी खातो आणि चार जीबी रॅमचा लॅपटॉप दहा-बारा लेअरनंतर रडायला लागतो. तुमच्या पुस्तकात रिझोल्यूशन, लेअर आणि मास्क यांवर भरपूर पानं हवीत.

पुस्तक हातात आलं की आधी मागची सूची उघडा. लेअर मास्क, अॅडजस्टमेंट लेअर, कर्व्ह्ज, स्मार्ट ऑब्जेक्ट हे चार शब्द शोधा आणि प्रत्येकासमोर किती पानं दिली आहेत ते बघा. मास्कला दोन पानं आणि फिल्टरला साठ, असं दिसलं तर ते पुस्तक ठेवून द्या. मग सरावाच्या फाइल्स मिळतात का ते पाहा. अॅडोबीच्या 'क्लासरूम इन अ बुक' मालिकेची मोठी सोय हीच, की धड्यातला फोटो आपल्याकडेही असतो आणि आपलं उत्तर पुस्तकाशी ताडून बघता येतं. जुनं पुस्तक स्वस्तात मिळालं तर घाबरू नका. २०१२ च्या सीएस६ वरचं पुस्तकही लेअर, मास्क आणि कर्व्ह्जसाठी आज चालतं. २०२३ मध्ये आलेलं जनरेटिव्ह फिल त्यात नसेल, ते नंतर तासाभरात शिकता येतं.

फोटोशॉपचं भाडं झेपत नसेल तर क्रॅक केलेली प्रत घेऊ नका. तिच्यासोबत व्हायरस येतो आणि गिऱ्हाइकाचे फोटो जातात. १९९६ पासून मोफत मिळणारं गिंप घ्या. त्याचं इंग्रजी मॅन्युअल मोफत आहे. शिवाय आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात गिंपचे धडे मराठी आवाजात मिळतात. व्हिडिओ थोडा चालवायचा, थांबवायचा, तेवढं स्वतः करायचं आणि पुढे जायचं, अशीच त्यांची बांधणी आहे. रेंज चांगली असेल तेव्हा ते उतरवून ठेवा. धडे जुन्या आवृत्तीवरचे आहेत आणि मार्च २०२५ मध्ये गिंप ३.० आलं, त्यामुळे काही मेनू जागेवर सापडणार नाहीत. तेव्हा आज्ञेचं नाव लक्षात ठेवा, जागा नव्हे. याच कारणासाठी प्रोग्रॅमची भाषा इंग्रजीच ठेवा. जगातले बहुतेक धडे त्या नावांनीच बोलतात.

यूट्यूबवरचे व्हिडिओ निवडताना माझी कसोटी एकच आहे: सांगणारा आकडे का बदलतो ते सांगतो की नुसते आकडे सांगतो? 'एका क्लिकमध्ये चेहरा गोरा' असं लिहिलेलं तर उघडूच नका. आपल्याकडच्या सावळ्या नवरीला पांढरं करून दिलेला अल्बम तिच्याच घरी परका वाटतो. डॅन मार्ग्युलिस यांनी 'प्रोफेशनल फोटोशॉप'मध्ये त्वचेचा रंग आकड्यांनी तपासायला शिकवलं आहे. सीएमवायकेत मॅजेंटा आणि यलो जवळपास सारखे, यलो किंचित जास्त, सायन बराच कमी. त्वचा जितकी सावळी तितका सायन वाढतो. हळदीच्या फोटोत याचा फार उपयोग होतो. हळद लागलेल्या गालाचा पिवळा रंग खरा असतो, तो काढायचा नाही. मांडवाच्या कापडातून आलेली पिवळी झाक मात्र काढायची. म्हणून माप हळद न लागलेल्या त्वचेवर घ्या, आणि पांढऱ्या धोतरावर किंवा टोपीवरही घेऊन बघा. मार्ग्युलिस यांचं हे पुस्तक नवशिक्याचं नाही, पहिलं पुस्तक संपल्यावर घ्यायचं.

परदेशी पुस्तकात हमखास नसलेली एक गोष्ट म्हणजे मराठी अक्षर. बॅनर असो की अल्बमचं पहिलं पान, 'हार्दिक' हा शब्द टाइप करून बघा. रफार आणि वेलांटी जागेवर बसली तर पुढे चला. वेलांटी 'द'च्या पलीकडे पडली, तर जुन्या फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडून प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. फॉन्ट युनिकोडच घ्या. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचा 'मुक्ता' मोफत आहे.

आजोबांचे डाग पडलेले, चिरा गेलेले फोटो दुरुस्त करायची आवड असेल, तर कॅट्रिन आइसमन यांचं 'फोटोशॉप रिस्टोरेशन अँड रिटचिंग' शोधा. त्याची पहिली आवृत्ती २००१ ची आहे, पण क्लोन आणि हीलिंगचा वापर कुठे थांबवायचा हे त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांतून छान कळतं. मूळ फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करून ती फाइल बाजूला ठेवा आणि सगळं काम तिच्या प्रतीवर करा.