किरणांचा घाव उशिरा बोलतो

सातारा, ता. १४ जून

चि. मुक्तास,


तू येत्या सोमवारी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट म्हणून रुजू होतेस, हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. माझी उमेदीची वर्षं याच कामात गेली, म्हणून थोडं सांगते. पुस्तकात हे सगळं आहे. पण त्यातलं कधीही विसरायचं नाही असं काय, हे मला सांगायचंय. किरणांचा घाव बसतो त्या क्षणी कुणालाच कळत नाही.

अख्ख्या शरीराला एकदम ४ ग्रेच्या आसपास मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. त्या मात्रेतली ऊर्जा मात्र गरम चहाच्या एका घोटाएवढी. अंग तापतं ते अंशाच्या हजाराव्या भागाने. म्हणजे घात उष्णतेने होत नाही. किरण रेणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात. पेशीत बहुतेक पाणीच, त्यामुळे पाण्याचे रेणू फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि जवळच्या डीएनएवर तुटून पडतात. १ ग्रेमागे एका पेशीतल्या डीएनएचा एकेरी धागा सुमारे १,००० ठिकाणी तुटतो. ते पेशी बहुतांशी सांधते. दोन्ही धागे एकाच जागी तुटतात असे प्रसंग ४०च्या आसपास, आणि खरं नुकसान तिथे होतं.

एवढं होऊनही बहुतेक पेशी लगेच मरत नाहीत. विभाजनाची वेळ आली की तुटकी गुणसूत्रं नीट वाटली जात नाहीत आणि तेव्हा पेशी मरते. म्हणून भराभर विभागणाऱ्या पेशींवर परिणाम आधी दिसतो. बर्गोनिए आणि त्रिबोंदो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी हे १९०६ मध्येच मांडलं होतं. आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळं आधी कोलमडतात. स्नायू आणि चेतापेशी तग धरतात. अपवाद लिम्फोसाइटचा. त्या न विभागताच काही तासांत मरू लागतात, म्हणून किरणांचा अपघात झाला की आधी रक्त तपासतात.

दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली घाव असाच उशिरा कळला. एका विद्यापीठाने भंगारात काढलेलं जुनं यंत्र तिथे फोडलं गेलं आणि आतला किरणोत्सारी कोबाल्ट-६० उघडा पडला. त्याला ना वास, ना आवाज. माणसं आजारी पडू लागली तेव्हा उलगडा झाला, आणि एक जण दगावला.

आता तुझ्या पेशंटकडे येते. तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट पहिल्या आठवड्यात हसतखेळत येतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्याचं तोंड येतं, लाळ चिकट होते, पाण्याचा घोटही जाळत उतरतो. अस्तराच्या वरच्या पेशी नेहमीप्रमाणे झडत असतात, पण खालून नव्या येईनाशा होतात. त्याला वाटतं, उपचारानेच दुखणं वाढलं, आणि तो गावी निघून जातो. हे सगळं त्याला पहिल्याच दिवशी सांग. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत तोंड भरून येतं, हेही सांग. खाडे झाले तर गाठीतल्या उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. या कॅन्सरमध्ये उपचार लांबला तर दर दिवसामागे गाठ आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते.

रोज २ ग्रेच का देतात, हेही समजून घे. मधल्या वेळात निरोगी पेशी आपली मोडतोड गाठीच्या पेशींपेक्षा चांगली दुरुस्त करतात. दिवसातून दोनदा द्यायचं ठरलं तरी मध्ये किमान सहा तास सोडतात ते याचसाठी. पण ही सवलत डोस ठरल्या जागी पडला तरच मिळते. डोकं स्थिर धरणारा मास्क सैल झाला असेल, पेशंट वाळून खांदे खाली आले असतील, तर मशीन सुरू करू नकोस. डॉक्टरांना किंवा फिजिसिस्टना बोलाव. मज्जारज्जूला जास्त मात्रा गेली तर आज काहीच दिसणार नाही. पाय लुळे पडायला महिने, कधी वर्षंही जातात, आणि तोवर करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

स्वतःचीही हयगय नको. आपल्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे. टीएलडी बॅज छातीवरच लाव. खुर्चीला अडकवलेला बॅज खुर्चीचा डोस मोजतो. थोड्या मात्रेने वाढणारा कॅन्सरचा धोका लहान असतो, पण तो अनेक वर्षांनंतर समोर येतो. पुढे दिवस गेले तर लगेच कळव, संकोच करू नकोस. आठव्या ते पंधराव्या आठवड्यात गर्भाच्या मेंदूला किरण सगळ्यात जास्त बाधतात.

घाबरून हे काम होत नाही आणि सवयीच्या भरात तर मुळीच होत नाही. कितीही गर्दी असली, बाहेरून कुणी कितीही घाई केली, तरी प्रत्येक पेशंटचं नाव, मास्क आणि मार्किंग स्वतः तपासल्याशिवाय बटणाला हात लावू नकोस. एवढं माझं ऐक.

तुझी,
मावशी