मोहन थंडच हवं

करंज्या, शंकरपाळे करून तयार झालेल्या हाताला मोहनाचं काही शिकवावं लागत नाही. तूप कडकडीत तापवायचं, पिठात ओतायचं, चोळायचं आणि मुटका वळतो का ते बघायचं. चेरी पाय करायला घेतल्यावर नेमकी हीच सवय आडवी येते. पायच्या पारीला लोणी लागतं ते फ्रिजमधून नुकतं काढलेलं, टणक. मैद्यात ते बोटांच्या टोकांनी मोडायचं आणि वाटाण्याएवढे तुकडे दिसत असतानाच थांबायचं. ओव्हनच्या आचेवर हे तुकडे वितळतात, लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती पिठाचे पापुद्रे सुटे करते. लोणी आधीच पिठात मुरलं, तर वाफेला वर यायला जागाच उरत नाही. मग पारी एक तर भुगा होते, नाही तर कडक.

सुरगाण्यात हे आम्हाला ऐन मे महिन्यात कळलं. पुण्याला नोकरी करणारी माझी भाची सुट्टीला आली ती नाशिकच्या बाजारातून काश्मिरी चेरीचे डबे घेऊनच. "मावशी, विकतचं काही नको. पारीसुद्धा आपणच करायची," म्हणाली. दुपारी कणीक मळायला घेतली आणि लोणी बोटांखालीच विरघळलं. पारी लाटेपर्यंत पोळपाटाला चिकटली. ओव्हनमध्ये गेल्यावर कडा खाली बसल्या, चेरीचा रस कडेवरून ओघळून खालच्या कॉइलवर पडला आणि स्वयंपाकघर धुरानं भरलं. त्यात वीज गेली. संध्याकाळी कापायला घेतलं, तर तळ पांढराफटक आणि भरणाचं पाणी ताटभर. पोरीचे डोळे भरून आले होते. तिची अशी निराशा आणखी कुणाच्या घरी होऊ नये, म्हणून पुढचं सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट वेळेची. लोणी 32 ते 35 अंशांवर वितळतं आणि आपलं स्वयंपाकघर मे महिन्याच्या दुपारी तेवढं तापतंच. म्हणून पारीचं काम पहाटे करा. मैदा, लोणी, मळायची परात, लाटणं, सगळं रात्रीच फ्रिजमध्ये ठेवा. पाणी बर्फाचं घ्या आणि चमच्या-चमच्यानं घाला. पीठ जेमतेम गोळा झालं की हात काढायचा. पोळीच्या कणकेसारखं मळलं, तर त्याला चिवटपणा येतो आणि भाजताना पारी आकसते. गोळ्याच्या दोन चपट्या वड्या करून तासभर गार होऊ द्या. लाटताना ढिली पडायला लागली, तर पीठ भुरभुरवत बसू नका, पोळपाटासकट दहा मिनिटं फ्रिजमध्ये सरकवा.

प्रमाण सांगते. वीस सेंटिमीटरच्या डब्याला खालची-वरची पारी धरून 225 ग्रॅम मैदा, 75 ग्रॅम नागलीचं पीठ, 180 ग्रॅम लोणी आणि पाच-सहा मोठे चमचे बर्फाचं पाणी. नागली ही माझी भर. आमच्या तालुक्यात ती घरोघरी असते आणि तिच्या खमंगपणानं आंबटगोड भरणाला चव चढते. मात्र नागलीला मैद्यासारखा चिकटपणा नाही, त्यामुळे एक चतुर्थांशाच्या पुढे गेलात तर पारी उचलताना तुटेल. विकतचं पिवळं लोणी खारं असतं, ते वापरलं तर वेगळं मीठ नको. घरच्या लोण्यात ताकाचं पाणी राहतं. ते वापरायचं असेल, तर फडक्यात बांधून चांगलं निथळून घट्ट करून घ्या आणि पिठात पाणी कमी घाला. तुपाच्या मोहात पडू नका. तुपात पाणीच नसतं, मग वाफ कुठून येणार?

आता चेरीचं. ताजी चेरी काश्मीर आणि हिमाचलातून मे ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत येते. झाडावरून उतरवल्यावर ती आणखी पिकत नाही, फक्त नासत जाते. एसटीच्या उन्हाळी प्रवासात आमच्या डब्यांतला खालचा थर चेपून आंबूस झाला होता. पण नासाडी बाजूला ठेवली, तरी आणखी एक अडचण आहे. आपल्याकडची चेरी नुसती खायची, गोड. अमेरिकेत पायला प्रामुख्याने आंबट चेरी घेतात. मिशिगन राज्यातली मॉन्टमोरेन्सी त्यासाठीच प्रसिद्ध आहे. गोड चेरीत साखर घालून भाजली की चव सपाट होते. गोडच वापरायची असेल, तर एका लिंबाचा रस पिळा आणि साखर बेतानंच घाला. बिया एकेक मोजून काढा आणि टाकून द्या. चेरीची बी फोडली वा वाटली, तर तिच्यातून सायनाइड सुटू शकतं. दातांचं नुकसान वेगळंच.

आणि बेकरीतल्या पाकिटातली लालभडक चेरी पायमध्ये कधीच घालू नका. ती भाजताना रस सोडत नाही, चिवट राहते. आपल्या देशात ती बहुतेक वेळा चेरी नसतेच. करवंदांच्या बिया काढून, रंग देऊन ती साखरेच्या पाकात मुरवलेली असतात. हे भाचीला सांगितलं तेव्हा तीच म्हणाली, "मग मावशी, आपण सरळ करवंदंच घेऊया की!"

खरंच, आम्हा सुरगाण्याच्या लोकांना चेरीच्या मागे कशाला लागायला हवं? एप्रिल-मेमध्ये पाड्यावरच्या बायका पळसाच्या पानांच्या द्रोणातून करवंदं विकायला बसतात. काट्यात हात घालून एकेक तोडलेलं ते फळ असतं, म्हणून हात जोडून सांगते, भावासाठी घासाघीस करू नका. पायसाठी पूर्ण काळी झालेली निम्मी आणि थोडी लालसर निम्मी घ्या. काळ्यात गोडी आणि रंग असतो, लालसरात आंबटपणा आणि पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट करणारा घटक. करवंदात ते भरपूर असल्यामुळे भरण चेरीपेक्षा छान धरतं.

करवंदाचा त्रास चिकाचा. फळ जितकं कच्चं तितका चीक जास्त. हाताला आणि सुरीला तेल लावा, फळं मधोमध चिरून मिठाच्या पाण्यात टाका, वर तरंगणारा चीक ओतून द्या आणि दोनदा धुऊन घ्या. मग सुरीच्या टोकानं बिया उडवा. काम वेळखाऊ आहे, पण आठ-दहा वर्षांची पोरं हौसेनं करतात, त्यांच्या हाती सुरीऐवजी बोथट चमचा द्या.

750 ग्रॅम करवंदांना 250 ग्रॅम साखर, चिमूटभर जायफळ. स्टीलच्या पातेल्यात दहा मिनिटं मंद आचेवर शिजवा. ॲल्युमिनियमचं भांडं नको, आंबट रसाला त्याची चव लागते. भरण पूर्ण गार झाल्यावर दोन मोठे चमचे साबुदाण्याचं पीठ मिसळून पंधरा मिनिटं भिजू द्या. साबुदाणा कोरडा मिक्सरमधून काढला की झालं. कॉर्नफ्लॉवर चालतं, पण आंबट रसात जास्त वेळ शिजलं की त्याची पकड सैल होते. साबुदाणा टिकतो. गरम भरण पारीत ओतणं मात्र टाळाच. खालचं लोणी तिथल्या तिथे वितळतं आणि तळ ओला राहतो. आमचा तळ पांढरा राहण्याचं निम्मं कारण तेच होतं.

उरलेलं निम्मं ओव्हनचं. तो आधी वीस मिनिटं 220 अंशांवर तापवा, आत पत्र्याचा ट्रे ठेवून. त्या तापलेल्या ट्रेवरच पायचा डबा ठेवायचा, म्हणजे तळाला आच लागते आणि ओघळलेला रस कॉइलवर पडत नाही. डबा पातळ पत्र्याचा बरा. काचेचा असेल, तर फ्रिजमधून काढून थेट गरम ओव्हनमध्ये कधीही घालू नका, तडकतो. वरच्या पारीला चार चिरा पाडा, वाफ बाहेर पडायला. वीस मिनिटांनी आच 180 वर आणा आणि पुढे पस्तीस-चाळीस मिनिटं भाजा. रंग लवकर चढला, तर वर फॉइल टाका. नुसत्या रंगावर जाऊ नका. मधल्या चिरेतून जाडसर बुडबुडे येताना दिसले पाहिजेत. साखरेचा उकळता रस अंगावर उडाला तर खोल भाजतं, म्हणून मुलांना दूर ठेवा आणि जाड फडक्यानंच ट्रे धरा.

विजेचा भरवसा नसेल, तर भरणं-लाटणं पुरतं झाल्यावर कच्चा पायच फ्रिजमध्ये ठेवा आणि वीज आल्यावर भाजा. मध्येच वीज गेली, तर दार उघडू नका. आतली आच बराच वेळ टिकते.

कापण्याआधी निदान चार तास. यात सूट नाही. भरण गार होतानाच घट्ट होतं आणि घरातल्यांनी कितीही आग्रह केला तरी गरम पाय कापला की पाणीच निघतं.

पाऊस सुरू झाला की करवंदं पाणचट होतात. मग डिसेंबर ते मार्च बोरगाव, घागबारी, हतगडच्या रस्त्याला स्ट्रॉबेरी मिळते. तेव्हा हवा गार, पारी दुपारीही जमते. फक्त स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी आणि पाणी फार. तिला साखर लावून तासभर ठेवा, सुटलेला रस वेगळा आटवून निम्मा करा, त्यात लिंबू पिळा आणि साबुदाण्याचं पीठ दोनऐवजी चार चमचे घाला. बाकी सगळं तसंच.