निवृत्तीचा पैसा आणि विश्वासू सल्लागार

तीस-पस्तीस वर्षे नोकरी केल्यावर भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी व शिल्लक रजेचे पैसे एकदमच हाती येतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरात एवढी रक्कम प्रथमच येते आणि तिच्या मागोमाग सल्ला देणारेही येतात. म्हणून सल्लागार कोण असावा, हे निवृत्तीच्या वर्षभर आधीच ठरवणे हिताचे आहे.

प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारावा, "आपल्याला मोबदला कोण देतो?" विमा प्रतिनिधी व म्युच्युअल फंडाचे वितरक यांना कंपनीकडून कमिशन मिळते. त्यात गैर काही नाही. परंतु जास्त कमिशनची योजना गळ्यात मारण्याचा मोह होऊ शकतो. याउलट 'सेबी'च्या २०१३ च्या नियमांखाली नोंदणी झालेला गुंतवणूक सल्लागार आपल्याकडून फी घेतो. ज्याला सल्ला दिला त्याच्या गुंतवणुकीवर त्याला कमिशन घेता येत नाही. त्याचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर पडताळावा.

आम्ही स्वतः बँकेत कारकून आहोत, म्हणून प्रांजळपणे सांगतो. बँकेतील माणसालाही विमा विकण्याचे उद्दिष्ट दिलेले असते. आमच्या शाखेत एक निवृत्त शिक्षक मुदत ठेव करण्यास आले आणि दहा वर्षे हप्ते भरण्याची पॉलिसी घेऊन गेले. दुसरा हप्ता पेन्शनमधून भरता येईना, तेव्हा ते आमच्यासमोर येऊन बसले. पॉलिसी ठरावीक दिवसांत परत करता येते (आता ही मुदत ३० दिवसांची आहे), हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते. आम्हीही नाही. ती खंत अजून आहे.

साधे पर्याय आधी समजून घ्यावेत. ज्येष्ठ नागरिक बचत योजना २००४ पासून आहे. २०२३ पासून तिची मर्यादा ३० लाख रुपये आहे. बँकेतील ठेवींना २०२० पासून प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. सल्लागार याहून वेगळे काही सुचवीत असेल, तर त्याचे कारण त्याने आपल्याला कळेल अशा भाषेत सांगावे.

कोऱ्या अर्जावर सही करू नये. सल्लागाराच्या नावे चेक देऊ नये. शेअर बाजारात 'हमखास दुप्पट' म्हणणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे. नात्यातला किंवा ओळखीचा असला, तरी कागद तपासावाच.

विद्यार्थी मित्रांनो, घरातील वडीलधारी मंडळी सही करण्यापूर्वी तो अर्ज त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. आपल्या शिक्षणाचा घराला होणारा हा फार मोठा उपयोग आहे.