बाप्तिस्म्यावाचून तारण नाही?

प्रश्न : माझ्या मित्राची आजी आयुष्यभर येशूची भक्ती करत होती, पण घरच्यांच्या विरोधामुळे तिने बाप्तिस्मा घेतला नाही. ती नुकतीच वारली. ख्रिस्ती श्रद्धेनुसार तिचं तारण होईल का?

उत्तर : कोणत्या चर्चला विचाराल त्यावर उत्तर ठरेल. मात्र ‘बाप्तिस्मा नाही, म्हणजे तारण नाहीच’ असं सरसकट म्हणणारे थोडे.

वाद बायबलपासूनच सुरू होतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू निकदेमाला बजावतो, की पाण्याने आणि आत्म्याने जन्म घेतल्यावाचून देवाच्या राज्यात प्रवेश नाही. लूकच्या शुभवर्तमानात मात्र शेजारच्या क्रुसावरच्या अपराध्याला तो त्याच दिवशी सुखलोकाचं वचन देतो. त्याला तिथे बाप्तिस्मा कोण देणार होतं?

कॅथलिक चर्च बाप्तिस्मा आवश्यक मानतं, इतका की जीव जात असेल तर तो कोणीही देऊ शकतो, अगदी बाप्तिस्मा न झालेली परिचारिकासुद्धा. तरीही देव स्वतः या संस्काराने बांधलेला नाही, असं तेच चर्च शिकवतं. याचं एक जुनं उदाहरण आहे. इ.स. 392 मध्ये रोमन सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याआधीच मेला. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी शोकभाषणात त्याच्या बहिणींना धीर दिला : त्याने जे मनापासून मागितलं, ते त्याला मिळालं. यालाच पुढे ‘इच्छेचा बाप्तिस्मा’ म्हणू लागले. बाप्तिस्म्याआधीच मेलेल्या तान्ह्या बाळांच्या तारणाबाबत मात्र संत ऑगस्टीन फार कठोर होते. चर्चला ती कठोरता पचायला शतकं लागली. अखेर 2007 मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा बाळगायला सबळ आधार असल्याचं म्हटलं.

प्रोटेस्टंटांमध्ये एकमत नाही. लूथरन बाप्तिस्म्याला आवश्यक म्हणतात. बाप्टिस्टांच्या नावातच बाप्तिस्मा आहे, पण त्यांच्या लेखी तारण विश्वासाने होतं आणि बाप्तिस्मा ही त्याची जाहीर साक्ष. मुक्तिफौज आणि क्वेकर तर पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाहीत.

तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ येतात रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांनी स्वतः 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला; त्यासाठी घरदार, नातीगोती पणाला लावली. तरी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ उभारताना त्यांनी बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र बोलावले. बाप्तिस्म्याची किंमत मोजलेल्या माणसाने हे करावं, याला माझ्या मते मोठं वजन आहे.

बाप्तिस्मा नाकारणं वेगळं आणि मिळू न शकणं वेगळं, हा फरक बहुतेक परंपरा करतात. मित्राच्या आजीला बाप्तिस्मा हवा होता, पण घेता आला नाही, असं असेल तर तिच्या तारणाची आशा सोडा, असं कॅथलिक फादर त्याला सांगणार नाहीत आणि बाप्टिस्ट पाळकही नाहीत. त्याने त्यांच्याशी जरूर बोलावं.