शिशाचे विष व राष्ट्राची दक्षता

गेल्या पावसाळ्यात इयत्ता आठवीत शास्त्राचा तास चालू असता एक विद्यार्थी पेन्सिलीचे टोक दातांत धरून बसलेला आमच्या दृष्टीस पडला. आम्ही काही बोलण्यापूर्वीच शेजारच्या मुलाने त्यास बजावले, "अरे, शिसे पोटात जाईल आणि मरशील!" वर्गात हशा पिकला. तेव्हा आम्हांस सांगावे लागले की, शिसपेन्सिलीत शिसे मुळीच नसते. असते ते ग्रॅफाइट, म्हणजे कोळशाचाच एक भाऊबंद. सोळाव्या शतकात इंग्लंडातील बॉरोडेल येथे हे द्रव्य सापडले, तेव्हा लोकांस ते शिशाचाच एक प्रकार वाटले, आणि ती चूक पेन्सिलीच्या नावात कायमची राहून गेली. पेन्सिल निरपराधी ठरली खरी. परंतु त्या मुलाची भीती मात्र अगदीच निराधार नव्हती. खरे शिसे जेथे दडून बसते, त्या जागा निराळ्या आहेत.

शिसे मऊ, जड, लवकर वितळणारे व स्वस्त. त्यास गंज लागत नाही म्हणून रोमन लोकांनी त्याचे नळ केले. त्याचा सफेदा भिंतीस चकाकी देतो, त्याचा शेंदूर लोखंडास गंजापासून राखतो, आणि मोटारीच्या बॅटरीत तर त्याच्यावाचून अद्यापि चालत नाही. इतक्या उपयोगी वस्तूवर संशय घेण्यास मनुष्य सहसा तयार होत नाही. शिवाय शिशाचे विष सापाच्या विषासारखे नव्हे. त्याने मनुष्य तत्काळ तडफडत नाही. शरीर त्यास कॅल्शियम, म्हणजे हाडे घडविणारा चुना, असे समजून आपल्या घरात घेते व हाडांत साठवून ठेवते. स्त्री गर्भवती झाली म्हणजे हाडांतील तेच शिसे रक्तावाटे गर्भापर्यंत पोहोचते. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढ मनुष्य जितके शोषून घेतो, त्याच्या चौपट-पाचपट लहान मूल शोषू शकते. आणि ज्या मुलाच्या आहारात लोह व कॅल्शियम कमी, ते अधिकच. गरीब मुलावर हा शत्रू अशा रीतीने दुप्पट चालून येतो.

ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती ऑस्ट्रेलियात. ब्रिस्बेन शहरातील मुलांस शिशाची बाधा होत असल्याचे तेथील डॉक्टरांनी १८९० नंतरच्या दशकात ओळखले होते. पण ते येते कोठून, हे कळेना. पाणी तपासले, भांडी तपासली. अखेर १९०४ साली लॉकहार्ट गिब्सन या नेत्रवैद्याने बोट ठेवले ते घराच्या व्हरांड्याच्या कठड्यावर! तेथील प्रखर उन्हाने सफेद्याच्या रंगाची भुकटी होई, ती खेळणाऱ्या मुलांच्या हातांस लागे, आणि अंगठा चोखणाऱ्या वा नखे कुरतडणाऱ्या मुलांच्या पोटात जाई. मुलांचा हात पोहोचेल तेथे असा रंग लावण्यास क्वीन्सलंड प्रांताने कायद्याने मनाई केली ती १९२२ साली. अठरा वर्षे!

याच सुमारास अमेरिकेत याहून मोठी चूक घडत होती. मोटारीचे एंजिन ठोके देते, ते थांबविण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळावे, अशी युक्ती १९२१ साली टॉमस मिजली याने शोधून काढली. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील एका कारखान्यात हे द्रव्य हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. पुढील वर्षी मे महिन्यात सर्जन जनरल कमिंग यांनी वॉशिंग्टन येथे परिषद भरविली. कामगारांच्या रोगांचा जन्मभर अभ्यास केलेल्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी तेथे या शिशास स्पष्ट विरोध केला. तथापि नेमलेल्या समितीने १९२६ मध्ये, बंदी घालण्यास पुरेसे कारण दिसत नाही, असा अभिप्राय दिला. आणि मग सुमारे अर्धशतक प्रत्येक मोटार आपल्या धुरातून शिसे ओकत रस्त्यांवरून धावत राहिली. आमच्या मते यात कोणा एकाच्या दुष्टपणापेक्षा एक साधी व्यवहाराची उणीव अधिक दिसते: पेट्रोल एका खात्याचे, रंग दुसऱ्याचे, नळ नगरपालिकेचे, आणि मूल कोणाचेच नाही.

मुलाचा कैवार घेणारा मनुष्य पुढे निघाला तो दातांच्या वाटेने. डॉ. हर्बर्ट नीडलमन यांस असे वाटे की, रक्त आजचे शिसे सांगते, परंतु दात वर्षानुवर्षांचा हिशेब ठेवतो. त्यांनी मॅसॅच्युसेट्स संस्थानातील चेल्सी व सॉमरव्हिल या गावांच्या शाळांतील पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात मागविले. असे दोन हजारांहून अधिक दात जमले. एकीकडे दातांतील शिसे मोजले. दुसरीकडे त्या मुलांच्या शिक्षकांस काही प्रश्न विचारले. मूल चित्त एकाग्र करते काय? दिलेली सूचना पाळते काय? काम अर्धवट टाकून उठते काय? कोणाच्या दातात किती शिसे आहे, हे शिक्षकांस ठाऊक नव्हते. १९७९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दातांतील शिसे जसजसे वाढत गेले, तसतशी शिक्षकांची तक्रारही पायरीपायरीने वाढत गेली होती. आणि बुद्धिमापनाच्या कसोटीत अधिक शिशाची मुले सरासरीने सुमारे चार गुणांनी मागे होती. यांतील एकही मूल रोगी म्हणून दवाखान्यात गेलेले नव्हते. या संशोधनामुळे नीडलमन यांजवर पुढे लबाडीचा आरोपही आला. चौकशीअंती ते त्यातून निर्दोष सुटले.

हा वृत्तान्त आम्ही प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो. शिक्षकी पेशाच्या पहिल्या वर्षांत आमच्या वर्गात एक मुलगा होता. पाढे आज पाठ, उद्या विसरला. बसविले तर बसेना. आम्ही त्यास 'मंद' म्हटले, एकदा सर्वांसमक्ष म्हटले, आणि छडीही दिली. त्याचा बाप घराच्या परसात जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवीत असे, हे आम्हांस ठाऊक होते. पण त्या दोन गोष्टी आम्ही कधी एकत्र मांडल्या नाहीत. त्याच्या रक्ताची तपासणी कोणी केली नाही. सहावीत त्याने शाळा सोडली. त्याच्या अडचणीचे कारण शिसेच होते, असे आज आम्ही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. विचारावयास हवे होते, एवढे मात्र खरे.

अमेरिकेने पुढे जे केले ते म्हणजे अनेक खात्यांस एका हिशेबाने बांधणे. १९७१ साली घरांतील शिसेयुक्त रंगासंबंधी कायदा झाला. १९७३ पासून पर्यावरण खात्याने पेट्रोलमधील शिशावर उतरती मर्यादा घातली. १९७८ साली घरगुती रंगांत शिसे घालण्यास बंदी झाली. पण आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम केले ते मोजणाऱ्यांनी. आरोग्य खाते देशभरातील निवडक कुटुंबांचे रक्त तपाशीत होते. १९७६ ते १९८० या चार वर्षांत पेट्रोलमधले शिसे घटले, आणि त्याबरोबर लोकांच्या रक्तातील शिसेही सरासरीने ३७ टक्क्यांनी उतरले. दोन्ही रेघा कागदावर शेजारी काढल्या असता जणू एकच हात त्या ओढीत आहे, असे दिसे. हा पुरावा एका खात्याचा, तो उपयोगी पडला दुसऱ्या खात्यास: १९८६ च्या आरंभापासून गॅलनमागे १.१ ग्रॅम ही मर्यादा ०.१ ग्रॅमवर आणली गेली. एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे पूर्वी सरासरीने १५ मायक्रोग्रॅम शिसे असे, ते १९९१ पर्यंत ४ च्याही खाली आले.

१९८८ च्या कायद्याने प्रांतांस व गावांस मुले तपासण्यासाठी केंद्राकडून साह्य मिळू लागले. १९९७ साली आरोग्य व पर्यावरण या दोन खात्यांच्या प्रमुखांच्या जोड-अध्यक्षतेखाली एक मंडळ नेमून घरबांधणी इत्यादी इतर खात्यांसही त्यात गोविले. २०१० पर्यंत मुलांची ही बाधा संपवावयाची, असा संकल्प त्यांनी २००० साली सोडला. तो पुरा झाला नाही. जुन्या घरांच्या भिंती उभ्याच होत्या. आणि २०१४ साली मिशिगनमधील फ्लिंट शहराने पाण्याचा उगम बदलला, तेव्हा जुन्या नळांतील शिसे पुन्हा पेल्यात उतरले. दरम्यान शास्त्रज्ञांची समजूतही पालटत गेली होती. १९६० च्या सुमारास ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चिंता नाही असे मानीत. हा दक्षतेचा आकडा १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ व २०२१ मध्ये ३.५ असा खाली आला. निर्धोक असे प्रमाण कोणतेच नाही, हे आज मान्य झाले आहे.

आपल्या देशात बिनशिशाचे पेट्रोल १९९५ मध्ये चार महानगरांत आले आणि २००० साली शिसेयुक्त पेट्रोल सर्वत्र बंद झाले. (जगातील शेवटचे असे पेट्रोल अल्जीरिया देशात २०२१ साली संपले.) १९९९ मध्ये बंगळूर येथे डॉ. थुप्पिल वेंकटेश आदी मंडळींनी अनेक शहरांतील मुलांच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष देशापुढे ठेवले; बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांत १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे आढळले होते. घरगुती रंगात दहा लाख भागांस ९० भागांहून अधिक शिसे असू नये, हा नियम २०१६ साली होऊन नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. तथापि २०२० च्या एका आंतरराष्ट्रीय अहवालाने भारतातील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असावे, असा अंदाज दिला. गल्लीबोळातील बॅटऱ्यांच्या भट्ट्या, जुने रंग, भेसळीची कल्हई, भेसळीचे मसाले ही वाट अजून खुली आहे.

मसाल्यांविषयी शेजारच्या बांगलादेशाचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. तेथे हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांस लेड क्रोमेट हा शिशाचा रंग चोळीत. गर्भवती स्त्रियांच्या रक्तातील शिसे हळदीतूनच येते, हे तेथील संशोधकांनी दाखविल्यावर अन्नसुरक्षा खात्याने २०१९ साली व्यापाऱ्यांस इशारे दिले, बाजारात छापे घातले, दंड केले, आणि वर्तमानपत्रांनी ते घरोघर पोहोचविले. त्या वर्षी बाजारातील हळदीच्या नमुन्यांपैकी ४७ टक्के दूषित होते. २०२१ मध्ये एकही नव्हता. ब्रिस्बेनला अठरा वर्षे लागली, येथे दोन पुरली.

आता पालकांस एक विनंती. आमच्या शाळेच्या जुन्या इमारतीच्या व्हरांड्याचे कठडे येत्या मे महिन्यात नव्याने रंगवावयाचे आहेत. जुना रंग किती वर्षांचा व कशाचा, याची नोंद मिळत नाही. म्हणून तो कोरडा न खरवडता पाणी मारून ओलाच खरवडला जाईल, खाली ताडपत्री अंथरली जाईल, आणि निघालेला चुरा झाडूने न उडविता ओल्या फडक्याने टिपून घेतला जाईल. ते काम पुरे होईतो कोणीही आपली धाकटी मुले मैदानावर खेळावयास पाठवू नयेत. ज्यांच्या घरी वा शेजारी बॅटऱ्या फोडण्याचा धंदा चालतो, त्यांनी आम्हांस एकान्तात भेटावे. मुलाच्या रक्ततपासणीची व्यवस्था करण्याची खटपट आम्ही करू.