आत्मपर लेखन : लिहिणारा आणि वाचणारा

मनुष्य स्वतःविषयी का लिहितो, आणि दुसऱ्याने लिहिलेले तसले लेखन आपण इतक्या आवडीने का वाचतो, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. राजाने बखर लिहवून घ्यावी, सेनापतीने लढायांची हकीकत सांगावी, यात नवल नाही. परंतु ज्याच्या हातून कोणतेही मोठे कार्य घडलेले नाही, अशा साध्या गृहस्थाने आपण काय पाहिले व काय भोगले ते लिहावे, आणि त्याला कधीही न भेटलेल्या माणसांनी ते वाचावे, हे मात्र कोडे आहे. ते उलगडण्यास आपल्या माळव्यातून गेलेल्या एका मुशाफराचे उदाहरण आम्हांस फार उपयोगी वाटते.

पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुकी करणारे एक गरीब ब्राह्मण. घरात कर्ज झालेले. बायजाबाई शिंदे यांनी योजिलेल्या यज्ञात दक्षिणा मिळेल, या आशेने ते १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. त्याच वर्षी १ जुलै रोजी इंदूरची रेसिडेन्सी व महूची छावणी येथे उठाव झाला. दक्षिणा मिळवावयास निघालेला भिक्षुक अशा रीतीने बंडाच्या ऐन धामधुमीत सापडला. पुढे झांशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला, लूट सोसली, आणि अखेर जवळजवळ रिकाम्या हाताने ते घरी परतले. आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र त्यांनी आणली.

हे सारे त्यांनी लिहिले ते सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून. आपल्या हयातीत ते छापू नये, अशी त्यांची इच्छा होती. सरकारची भीती तेव्हा खरीच होती. ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. येथे विद्यार्थ्यांनी थांबून विचार करावा. ज्यास कीर्ती हवी असते, तो आपले पुस्तक आपल्या मरणानंतर निघावे असे का म्हणेल? पैशाचा मोह म्हणावा, तर तोही या अटीने बराचसा निकालात निघतो. मग उरते एकच गोष्ट : जे आपण डोळ्यांनी पाहिले, ते आपल्याबरोबर नाहीसे होऊ नये, ही तळमळ. आमच्या मते आत्मपर लेखनाचे मूळ तेथे आहे. लेखक मोठा असावा लागत नाही. त्याने पाहिलेल्या गोष्टीला दुसरा साक्षीदार नसतो, इतके पुरते.

वाचकाची बाजूही याच ग्रंथात दिसते. झांशीचा पाडाव केव्हा झाला, इंग्रजांचा सेनापती कोण होता, हे आपणांस इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात मिळते. पण काल्पीच्या वाटेवर दमलेली, तहानलेली राणी एका विहिरीपाशी आली, भटजी पाणी काढू लागले तेव्हा तिने त्यांना थांबविले, आणि स्वतः पाणी काढून ओंजळीने प्यायली, हे इतिहासाच्या कोणत्या प्रकरणात मिळणार? तो प्रसंग वाचल्यावर राणी चित्रातून उतरून आपल्यासमोर उभी राहते.

तथापि कुतूहल एवढेच वाचनाचे कारण नव्हे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण पुष्कळदा हसतो. वडिलांच्या सोवळ्याचे वेड, लहरी पतीबरोबरचा संसार, वारंवार मोडणारे बिऱ्हाड हे सारे दुसऱ्याच्या घरातले. तरी वाचताना आपले घर आठवते. माणसास आपली लाज, आपली फजिती एकट्याचीच वाटत असते. ती दुसऱ्याच्या पानावर दिसली की मन हलके होते. धर्मानंद कोसंबींनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात, ज्ञानाच्या ओढीने आपण पत्नीस व तान्ह्या मुलीस मागे ठेवून १८९९ साली गोव्यातून निघालो, हे लपविलेले नाही. आमच्या घरी कोकणीच बोलली जाते. ज्यांची मातृभाषा कोकणी त्या कोसंबींनी हे आत्मनिवेदन मराठीत केले, याचे आम्हांस विशेष वाटते. याउलट काही थोरांची चरित्रे म्हणजे मानपत्रांची यादीच असते. तेथे आम्हांस विसाव्या पानावर झोप येते, हे सांगण्यास संकोच वाटत नाही.

अगदी खाजगी रोजनिशीतही वाचक कोठेतरी बसलेला असतोच. ॲन फ्रँक या मुलीस १२ जून १९४२ रोजी, तेराव्या वाढदिवशी, एक वही मिळाली. पुढे लपून राहावे लागले, तेव्हा ती ‘किटी’ नावाच्या काल्पनिक मैत्रिणीस उद्देशून लिहू लागली. १९४४ साली, युद्ध संपल्यावर लोकांच्या रोजनिश्या गोळा केल्या जातील असे रेडिओवर ऐकताच तिने आपले लेखन पुन्हा नीट लिहावयास घेतले. ती वाचली नाही, वही वाचली.

आता थोडे आपल्या वर्गाविषयी. ‘माझा दिनक्रम’ या विषयावरचे चाळीस निबंध तपासले, तर चाळीसही मुले पहाटे उठतात, देवास नमस्कार करतात आणि वेळेवर अभ्यास करतात. हे वाचून कोणासही कोणाची ओळख पटत नाही. म्हणून यंदा नववीस आम्ही निराळा विषय दिला : घरातील अशी एक गोष्ट लिहा, जी तुमच्यावाचून दुसऱ्या कोणी पाहिलेली नाही. एका विद्यार्थिनीने, आजी दुपारी सगळे निजल्यावर पेटीतून एक जुने पत्र काढते व न वाचताच परत ठेवते, एवढेच सहा ओळींत लिहिले. ते वर्गात वाचून दाखविले, तेव्हा मागच्या बाकावरचा एरवी कधी न बोलणारा मुलगा उभा राहिला आणि विचारू लागला, “बाई, पत्र कोणाचे होते?”